रिव्ह्यू : जुन्या घराचे गवंडी मामा, साडेचार स्टार (अर्धा का कापला ते पण सांगतो)

आधीच सांगून टाकतो, नाव आणि नंबर देणार नाही. मामांना विचारलतं की तुमच्याबद्दल नेटवर चार ओळी लिहितो, लोकांना उपयोग होईल, तर म्हणाले, "नगो रं बाबा, हायत त्याच लोकांचं फोन उचलून कान तापतोय, अजून धा जण लागलं मागं तर काम कवा करायचं?" त्यांचं ऑफिस नाही, बोर्ड नाही, कार्ड नाही, नकाशावर पिन पण नाही. एक जुनी एम-एटी आहे आणि तिच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या आणि वेटोळं केलेली लेव्हलची नळी. तरी लिहितोय कारण जुन्या घरात राहायला जाणाऱ्या माणसाची पहिल्या महिन्यात काय अवस्था होते ते मी बघितलंय, आणि या माणसानं पहिले आठ-नऊ महिने आमचं मोठं काम हातातच घेतलं नाही, त्याच्यातच माझे सगळ्यात जास्त पैसे वाचले.

आम्ही म्हणजे मी, बायको, आई आणि दोन पोरं. कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके होता, आईचे गुडघे गेले, लिफ्ट आठवड्यातनं तीन दिवस बंद, शेवटी फ्लॅट विकला आणि मंगळवार पेठेत जुनं घर घेतलं. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला राहायला आलो.

घर शोधताना पंचगंगा नदीच्या बाजूला पण एक बघितलतं. किमतीला लई स्वस्त, भिंतीला नवाकोरा डिस्टेंपर, मी तर जवळजवळ इसार द्यायच्या तयारीत. पण जिन्याखालच्या कोपऱ्यात रंगवाल्याचा ब्रश पोचला नव्हता आणि तिथं छातीएवढ्या उंचीवर एक सरळ तपकिरी रेघ दिसली. २०१९ च्या महापुराची का २०२१ च्या असं मालकाला विचारलं तर म्हणतो, "ती व्हय, ती फडताळाची खूण हाय." आता कोल्हापुरात पावसाळ्यात माणूस सकाळी उठून देवाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे शाळेतल्या पोराला पण पाठ आहे, त्याला फडताळ सांगू नये. आलो उठून.

मंगळवार पेठेतलं घर तसं साधंच. वाडा वगैरे म्हणायचं नाही. पुढं सोपा म्हणजे बसायची खोली, मग माजघर, मग सैपाकघर आणि मोरी, मागं छोटंसं परडं, वर माडी, तिच्यावर मंगलोरी कौलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, भिंती दीड-दीड फूट जाड, माडीला सागवानी तुळया. मी स्वतः वर्कशॉपवाला, लेथ-मिलिंगमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळं लोखंडाचं काय बिघडलं तर आवाजावरनं सांगतो पण माती-चुन्यातलं शून्य. घर घेताना कागद बघितले, प्रॉपर्टी कार्ड बघितलं, घरफाळ्याची थकबाकी बघितली, सगळं क्लिअर. भिंती मात्र बघितल्या नाहीत. म्हणजे बघितल्या, पण सोप्याच्या भिंतीला चार फुटापर्यंत पिस्ता कलरचा ऑइल पेंट होता, चकचकीत, मला वाटलं भारी मेंटेन केलंय.

तो पेंट दुसऱ्या आठवड्यात फुगला. आधी नाण्याएवढे फोड, मग पापडाएवढे, आणि बोटानं दाबलं की पचकन आत पाणी. त्याच्या वरच्या बाजूला मिठागत पांढरी पावडर. बायको म्हणाली रोज सकाळी झाडलं की सुपलीभर पोपडे निघतात, हे घर आपल्यालाच झाडून संपवायचंय का काय.

मग सुरू झाली कोटेशनची वारी. पहिले आले वॉटरप्रूफिंगवाले, नाव घेत नाही, टाय वगैरे लावलेले दोघं, हातात टॅबलेट. भिंतीला एक मीटर टेकवला, लाल लाईट लागला, पीं पीं वाजलं, आणि पंधरा मिनिटात १,८५,००० चं कोटेशन, दहा वर्षं वॉरंटी. भिंतीला खालनं ओळीनं भोकं पाडून केमिकल इंजेक्शन आणि वरनं कोटिंग. पंधरा मिनिटात एकानं पण दाराबाहेर जाऊन भिंत बाहेरनं बघितली नाही. दुसरा इंटेरियरवाला. त्यानं लॅपटॉपवर थ्रीडी काढून आणलं, बघून पोरं खूश, बायको खूश, माजघरात फॉल्स सिलिंग, एलईडी स्ट्रिप, मॉड्युलर किचन, तुळया दिसणारच नाहीत म्हणाला, सगळं क्लीन. अकरा लाख. आईनं चष्मा लावून स्क्रीन बघितला आणि विचारलं, "ह्यात भाकरी कुठं थापायची?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

मामांचा नंबर मिळाला आईच्या भिशीतल्या काकूंकडनं. फोन केला तर म्हणाले उद्या सकाळी नऊला येतो, आणि आले तिसऱ्या दिवशी सव्वाअकराला. (अर्ध्या स्टारातला पाव इथंच गेला.) वय साठीच्या पुढं, डोक्यावर पांढरी टोपी, पायात रबरी स्लीपर. मी सोप्यातली भिंत दाखवायला पुढं झालो तर हे आत यायलाच तयार नाहीत, दारातच उकिडवे बसले आणि विचारतात, "पायऱ्या किती हुत्या?"

म्हटलं एकच आहे की ही.

"आत्ता एक हाय. पयल्या किती हुत्या?"

मला काय माहीत. समोरच्या आज्जी बाहेर भाजी निवडत होत्या त्या तिथनंच ओरडल्या, तीन हुत्या तीन, आमी लहानपणी त्याच्यावर बसून चिंचोके खेळायचो. मामांनी पिशवीतनं सळी काढली, दारासमोर रस्त्याच्या कडेला मातीत खुपसली, आणि वीतभर खाली ठक्क करून दगड लागला. दुसरी पायरी. "घर खचलं न्हाई तुमचं," म्हणाले, "रस्ता वर आलाय." दर चार-दोन वर्षांनी जुन्यावरच नवीन डांबर टाकून टाकून गल्ली दीड-दोन फूट चढली, आणि जे दगडी जोतं उघडं राहून भिंत कोरडी ठेवायला होतं तेच आता जमिनीत गेलंय. रस्त्याचं पाणी सरळ दगडावरच्या विटांना लागतंय आणि वीट म्हणजे कशी, चहात बुडवलेली खारी. त्यात कोणीतरी आधीच्या मालकानं ओल दिसू नये म्हणून आतनं सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइल पेंट मारला, त्यामुळं पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते वर वर चढत राहिलं. चुन्याचा गिलावा असता तर ओल आली तशी हवेत उडून गेली असती.

हे सगळं त्यांनी भिंतीला हात न लावता सांगितलं. मग आत आले, इंजेक्शनचं कोटेशन वाचून दाखवलं तर हसले. "आत डबर अन् माती भरल्याली हाय, तुमचं औषिद कुठल्या फटीतनं कुठं जाईल ते पांडुरंगालाच ठावं." काही घरात त्या इंजेक्शनचा उपयोग होत पण असेल, मी नाही म्हणत नाही, पण बाहेर पाणी तसंच ठेवून आत औषध भरणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार, एवढं मला वर्कशॉपवाल्याला पण कळलं.

आता मला वाटलं माणूस सापडला, उद्यापासनं काम चालू. तर मामा म्हणाले, "मी आत्ता करत न्हाई. एक पावसाळा काढा हितं. मृग बगा, आषाढ बगा, घर काय म्हणतंय ते ऐका, मग दसऱ्याला बोलवा." आत्ता फक्त तीन कामं करून देतो म्हणाले: सोप्यातला सिमेंटचा गिलावा चार फुटापर्यंत खरवडून भिंत उघडी करायची, पुढची आपल्या हद्दीतली दोन फुटाची पट्टी खोदून नीट करायची, आणि मोरीचा पाईप बदलायचा. बाकी रंग नको, फरशी नको, ओटा नको. खरं सांगायचं तर माझं डोकंच फिरलं, बायकोनं तर दोन दिवस अबोला धरला, कारण सोप्यात पाहुणे येणार आणि समोर उघड्या विटा, तशात पाहुणे पण सगळे सांगली-मिरजेचे, ते काय बोलतील ते वेगळंच. पण आई म्हणाली, पैसे घेऊन काम करणारे लई बघितले, काम नको म्हणणारा पहिलाच बघतोय, याचंच ऐका. (आमच्याकडं बायका पण 'बघतोय, जातो, येतो'च म्हणतात, पुणेकरांनी टायपो समजू नये.)

पुढच्या पट्टीचं काम मार्चमध्ये झालं. तिथं आधीच्या मालकानं कोबा केलता आणि त्याचा उतार चक्क भिंतीकडं. तो फोडला, जोत्याच्या कडेनं फूटभर रुंद चर खोदला, खाली भोकाचा पाईप टाकून वर खडी भरली, आणि पाईपचं तोंड गटारीत सोडलं. गटार अजून त्या पातळीच्या खाली आहे म्हणून जमलं, नसती तर दुसरं काहीतरी करायला लागलं असतं. उतार किती ते लेव्हलच्या नळीनं काढला, नळीच्या एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला माझा सातवीतला पोरगा, पाणी दोन्हीकडं एका रेषेत आलं की पेन्सिलनं खूण, पोराला विज्ञानाच्या पुस्तकातलं पहिल्यांदा कळलं म्हणाला.

आणि मग ती वही. मला या सगळ्या सर्व्हिसमधला सगळ्यात आवडलेला भाग हाच, आणि त्याचे मामांनी एक रुपया पण घेतला नाही. जाताना आईला म्हणाले, "आक्का, एक खडू घ्या, दर सोमवारी वलीच्या कडंला रेघ मारा अन् तारीख टाका." आई निवृत्त बालवाडी शिक्षिका, तिला खडू दिला म्हणजे झालंच. प्रत्येक सोमवारी पूजा झाली की स्टूल ओढून बसायची, ओल जिथं संपते तिथं हातानं चाचपून रेघ मारायची आणि शेजारी मोत्यासारख्या अक्षरात तारीख. मी वहीत उतरवायचो. दोन महिन्यांनी भिंत म्हणजे शाळेतल्या पोरांची उंची मोजायचा तक्ता दिसायला लागली. आणि त्यातनं जे कळलं ते कुठल्या मीटरनं सांगितलं नसतं. माजघराच्या भिंतीवरची रेघ मोरीचा पाईप बदलल्यापासनं दर आठवड्याला खाली, मे महिन्यात तर ओलच गायब, म्हणजे तिथला गुन्हेगार मोरीचा जुना सांधा. सोप्यातली मात्र हळूहळू खाली आली, मग ऐन आषाढात परत चढली, पण दोन फूट सात इंचाला थांबली, आणि श्रावणात परत उतरायला लागली. आधी ती चार फुटाच्या वर होती. म्हणजे चर काम करतोय. आणि माडीच्या जिन्याजवळ एक ठिपका होता तो पाऊस असू दे नसू दे तिथंच. त्याला मामांनी वीतभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी बाजूनं टेप लावून चिकटवायला सांगितला, दोन दिवसांनी बघायचं, थेंब कागदाच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतनं येतीय, बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतल्या वाफेची. बाहेरच्या बाजूलाच आले. सैपाकघरातली कुकरची वाफ त्या कोपऱ्यात जाऊन बसत होती. उपाय काय, तर वर एक बंद केलेला झरोका होता तो उघडला. खर्च शून्य. वॉटरप्रूफिंगवाल्यांनी तिथं पण कोटिंग धरलतं.

कौलांचं सांगायचं राहिलंच. वळवाच्या पहिल्या पावसात माडीवर पलंगावर बरोबर मधोमध पाणी. मी लगेच वर चढून तिथलं कौल बदलायला निघालो तर मामा फोनवर ओरडले, चढू नको, पाय पडंल तिथं चार फुटतील. आल्यावर त्यांनी आतनं बॅटरी मारून वाशावर पाण्याची ओघळ शोधली, ती गळतीपासनं सहा-सात फूट वर, पार आढ्याजवळ जाऊन संपली. पाणी तिथनं आत येऊन वाशावरनं घसरगुंडी करत पलंगावर उतरत होतं. वर दोन कोने (आढ्यावरची कौलं) सरकले होते, मांजरांच्या कृपेनं. मग मे महिन्यात अख्खी कौलं चाळून घेतली, फुटकी काढली, कुजलेल्या रिपा बदलल्या, पन्हळ नवीन. साठएक कौलं लागली, आणि जुन्या मापाचीच मिळायला तीन ठिकाणी फिरलो कारण खाचेत फरक असला तर शेजारच्या कौलात बसत नाही. उतरवलेल्या कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचे उठावाचे शिक्के बघून पोरं खुळी झाली. मंगळूरला बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी १८६५ ला या कौलांचा पहिला कारखाना काढला, ते मिशनरी कुठले, आमची पेठ कुठली, आणि अजून त्याच नमुन्याखाली आम्ही झोपतोय. सगळं मिळून ४८,००० गेले.

तुळईचं प्रकरण मात्र पावसाळ्याची वाट बघण्यातलं नव्हतं. माजघरातली मधली तुळई मामांनी हातोडीनं ठोकत ठोकत नेली, ठण ठण ठण आणि भिंतीजवळ आल्यावर एकदम धप्प. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत. वाळवी आणि ओल दोन्ही, भिंतीत गेलेलं तोंडच खाल्लेलं. बाकी तुळई मधनं अशी की खिळा वाकेल. हीच तुळई त्या इंटेरियरवाल्याच्या थ्रीडीत फॉल्स सिलिंगनं झाकून टाकलेली, वर माडीवर आम्ही माणसं. इथं मात्र माझं चाललं. खाली टेकू लावून सडका भाग कापला, वाळवीचं औषध मारलं, दोन्ही बाजूंनी ८ एमएमच्या पट्ट्या बोल्टनं आवळल्या आणि टोक भिंतीतल्या दगडी बैठकीवर टेकवलं. पट्ट्या उद्यमनगरात माझ्याच मशीनवर ड्रिल केल्या, मामा येऊन बघून गेले आणि म्हणाले भोकं एका रेषेत नको, वरखाली घ्या, न्हाईतर लाकूड फाटंल. बरोबर होतं.

दसरा झाला आणि मामा खरंच आले. चुन्याचं काम बघण्यासारखं. परड्यात अर्धं कापलेलं पिंप, त्यात आधी पाणी आणि मग कळीचा चुना थोडा थोडा. क्षणभर काहीच नाही, मग एक खडा फुटल्याचा आवाज, दुसरा, आणि बघता बघता सगळं पिंप खदखदायला लागलं, जाळ नाही काही नाही आणि वाफेचे लोट, पत्र्याला हात लागेना. मी पोरांना लांब केलं आणि मामांना वर्कशॉपचा गॉगल दिला, त्यांनी तो कपाळावर लावला, डोळ्यावर काही शेवटपर्यंत नाही. तो चुना महिनाभर पाण्याखाली मुरत ठेवला, लोण्यासारखा झाला. वेगळ्या बादलीत हिरडा भिजत घातलेला आणि दुसरीत गूळ. मार्केट यार्डातनं खास चुन्यासाठी गूळ आणला, एका रव्याचा (ढेपेचा) फुटलेला तुकडा, काळपट, स्वस्तातला. आई म्हणाली, मला डॉक्टरांनी चहातला गूळ बंद केलाय आणि इथं भिंतीला खाऊ घालताय. मुंग्या येतील म्हणून मला धास्ती होती, एक पण आली नाही. एकाला तीन वाळू, त्या गूळ-हिरड्याच्या पाण्यात मळून दोन थरात गिलावा, मधे वाळायला दिवस आणि ओली पोती मारून ठेवायची. मार्चमध्ये उघडी केलेली भिंत डिसेंबरात गिलाव्याला आली. मामांचा हिशेब साधा, वाळायला इंचाला महिना, भिंत १८ इंच पण दोन्हीकडनं वाळते म्हणून नऊ. वरनं नुसती चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट लावला तर हातोडी घेऊन येईन अशी धमकी. हात फिरवला की थोडं पांढरं लागतं, काळा शर्ट घालून टेकायचं नाही, एवढा तोटा आहे तो सांगितलेला बरा. ओलीचं सगळं मिळून ६२,००० झाले, त्या १,८५,००० समोर.

ओट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मामांनी फुटपट्टी काढलीच नाही. बायकोला म्हणाले पोळपाट घेऊन या, आणि विटांच्या चळतीवर फळी टाकून तिच्याकडनं चपाती लाटून घेतली, एक वीट काढली, परत लाटा, एक पातळ फरशी घातली, परत लाटा, खांदा वर उचलायचा थांबला तिथं खूण. मग आईला बोलावलं, परात ठेवली आणि भाकरी थापायला लावली. भाकरीला अंगाचा भार लागतो त्यामुळं तिची उंची तीन इंच खाली आली. म्हणून आमचा ओटा दोन पातळ्यांचा आहे, ३३ आणि ३० इंच, कडाप्प्याचा, आणि ज्यानं ज्यानं बघितलं त्यानं पहिल्यांदा नावं ठेवली आणि मग थापून बघितलं.

वायरिंगवाला वेगळा होता, त्याला स्वतंत्र साडेतीन देतो. जुनी लाकडी पट्टीवरची वायर सगळी काढून टाकली, लाईटला दीड चौरस एमएम, मोठ्या प्लगला अडीच आणि गिझरला चारची वायर, अर्थिंग नवीन आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायला लागला की लाईट तोडणारा स्विच. काम चांगलं पण बोर्डाची भोकं पाडताना मामांचा ओला गिलावा दोन ठिकाणी पाडला आणि त्यावरनं दोघांची जी जुंपली ती गल्लीनं ऐकली. तुम्ही करणार असला तर वायरिंग आधी, गिलावा मागनं, आमच्यासारखी तारखांची खिचडी करू नका.

आता कापलेल्या अर्ध्या स्टारातला उरलेला पाव. लिखापढी नाही, माझं अख्खं एस्टिमेट कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर आहे आणि त्यात 'चुणा' असं लिहिलंय. हजेरी मामांची हजार, बिगाऱ्याची साडेसहाशे, रोजच्या रोज संध्याकाळी रोख, ऑनलाईन चालत नाही. बिगाऱ्यानं घमेलं टाकून सोप्यातली एक जुनी शहाबादी फोडली, तशी फरशी जुन्या मालातनं शोधेपर्यंत तिथं दोन आठवडे पोतं अंथरलतं. बायकोच्या स्कूटरवर चुन्याचा शिंतोडा उडाला, वेळेत धुतला नाही, तिथला रंग गेला तो गेला. शाहू स्टेडियमला पेठेची फुटबॉल मॅच असली की बिगारी दुपारी गायब, जिंकले तर दुसऱ्या दिवशी पण गायब. आणि आषाढ. आषाढात मामांच्या नादाला लागायचंच नाही, मंगळवार-शुक्रवार त्र्यंबोलीची म्हणजे टेंबलाईची जत्रा, पंचगंगेचं नवं पाणी घागरीत घेऊन टेंबलाईला, पुढं पी-ढबाक वाद्यं, आणि मामा गल्लीच्या जत्रेचे कारभारी, मग उरलेले दिवस मटणाच्या जेवणाचे. गेल्या वर्षी मला वाटलं पावसाळा बघा म्हणून सांगितलं ते घरासाठी, त्यात थोडा आषाढाचा पण हिशेब असणार असा मला आता दाट संशय आहे.

एकूण खर्च, वायरिंग, नळ आणि ओटा धरून, साडेचार लाखाच्या आत. आईची खडूची सवय काही जात नाही. यंदा मृगापासनं परत दर सोमवारी स्टूल घेऊन बसते. सफेदीवर खडू उमटत नाही म्हणून पेन्सिल घेते, आणि आज तारखेपर्यंत सोप्यातली सगळ्यात वरची रेघ जमिनीपासनं पाच इंचाला आहे. पोरं तिला विचारतात, आज्जी, भिंत लहान होत चाललीय का.

माडीच्या फळ्या अजून राहिल्यात. दोन करकरतात आणि एकीच्या फटीतनं खाली माजघरातला टीव्ही दिसतो, धाकट्याचा अभ्यास तिथंच बसून चालतो. त्याचं विचारायला आज सकाळी मामांना फोन लावला. पाचव्यांदा उचलला, मागं पी-ढबाक एवढं जोरात की मी माझ्याच घरात ओरडून बोलत होतो. आज शुक्रवार. म्हणाले, "हॅलो, कोण? हां हां, फळ्या! करूया की! मंगळवारी बोलू!"